लावणीचा पहिला अर्थ

गेल्या गणेशोत्सवात येथील मराठी मंडळींच्या करमणुकीच्या कार्यक्रमातून एक जुनी लावणी गाळण्यात आली. तो ठराव मीच लिहिला. कचेरीत टिपणे लिहिण्याचा सराव असल्यामुळे समितीतील लेखणी सहसा माझ्याच हाती येते. आणि 'सदर गीतातील सूचितार्थ कौटुंबिक श्रोतृवर्गास उचित नसल्याने' हे शब्द लिहिताना मला फारसा विचारही करावा लागला नाही. ऊस पिकला आहे, राखणीला कोणी नाही, कोल्हे टपून बसले आहेत, तेव्हा धनिणीने सावध असावे, अशा आशयाच्या लावण्या मराठीत थोड्या नाहीत. त्यांपैकीच ही एक. ती म्हणणार होती येथील एका अधिकाऱ्यांची महाविद्यालयात शिकणारी मुलगी. गाणे का गाळले, असे तिने विचारले, तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी तिला कारण बऱ्याच आडवळणाने समजावून सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, मी हे आजीकडून शिकले. मला ते उसाचंच गाणं वाटत होतं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते मनातून जात नाही. तिला जो अर्थ ठाऊक नव्हता तो आम्ही पाच-सहा सुशिक्षित गृहस्थांनी, तिच्या सभ्यतेचे रक्षण करण्याच्या हेतूने, तिच्या पदरात टाकला होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या ठरावावरचे माझे पुरवणी टिपण समजण्यास हरकत नाही. गीतातील छुपा अर्थ कोणाचा: रचणाऱ्याचा, गाणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा? आणि तो उलगडून दाखविणाऱ्या टीकाकाराची जबाबदारी कोणती?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आणि महाराष्ट्रीयांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, तो शास्त्रात पहिल्याने ठामपणे मांडला गेला तो गोदाकाठच्या एका उदाहरणावरून. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला. शब्दाच्या वाच्यार्थापलीकडे एक व्यंग्यार्थ असतो आणि तोच काव्याचा आत्मा होय, हे सिद्ध करण्यासाठी त्याने आरंभीच ज्या गाथा घेतल्या त्या महाराष्ट्री प्राकृतातील आहेत. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते की, महाराज, आता निर्धास्तपणे हिंडा. तुम्हांला त्रास देणारे ते कुत्रे आज मारले गेले. कोणी मारले? गोदावरीच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने! शब्दांनी ती त्याला यावयास सांगते आहे, आणि खरोखर येऊ नको असे सांगते आहे. कारण फुले वेचण्यासाठी तो ज्या जाळीत येतो, तीच तिची संकेताची जागा. दुसरी गाथा याच्या नेमकी उलट. नवरा परदेशी असलेली गृहिणी वाटसरूला बजावते की, सासूबाई इथे निजतात, मी तिथे. दिवसाउजेडी नीट पाहून ठेवा, तुम्ही पडला रातांधळे, उगीच आमच्या अंथरुणावर येऊन पडाल. येथे निषेध हेच आमंत्रण.

हालाच्या 'गाथासप्तशती'ची मराठी वाचकांना खरी ओळख झाली ती स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ सालच्या आवृत्तीमुळे. तो जाड ग्रंथ चाळणाऱ्याच्या एक गोष्ट लगेच ध्यानात येते. या गाथांतील प्रेमव्यवहार महालात घडत नाही. तो शेतात, बांधावर, पाणवठ्यावर, कापणी झाली की उघड्या पडणाऱ्या रानात घडतो. साळीचे शेत पिकून पांढुरके होऊ लागले म्हणून एक तरुणी मान खाली घालून रडते; मैत्रीण तिची समजूत घालते की, रडतेस कशाला, तिकडे तागाचे शेत बघ, तोंडाला हरताळ फासलेल्या नटीसारखे पिवळे होऊन उभे आहे. मुलीला दुःख साळीचे नाही आणि मैत्रिणीला कौतुक तागाचे नाही, हे कळण्यासाठी टीकाकाराची गरज कोणालाच पडू नये. परंतु ते कळण्यासाठी साळ कधी पांढरी होते, ताग कधी फुलतो, त्याची उंची माणसाला लपविण्याइतकी असते की नाही, हे मात्र ठाऊक असावे लागते. ज्याला ताग ठाऊक नाही त्याला संकेत ठाऊक होणे शक्य नाही. म्हणजे निदान ज्या रीतीने कवीला अभिप्रेत होते त्या रीतीने नाही.

सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीचे ते तागाचे शेत आणि आमच्या लावणीतील उसाचा फड यांत मला फारसे अंतर दिसत नाही. 'लावणी' या शब्दाची व्युत्पत्ती कोणी लावण्याशी जोडतात, कोणी शब्दांच्या लावण्याशी, तर कोणी रोपांच्या लावणीशी. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही, म. वा. धोंडांच्या 'मऱ्हाटी लावणी' या ग्रंथापासून त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण लावणीचे रूपकभांडार शेतीचे आणि घरगुती अवजारांचे आहे, ही गोष्ट निर्विवाद होय. मोट, नाडा, पाभर, चाडे, जाते, खुंटा, उखळ, मुसळ, खण, चोळी, विडा, चुना: पेशवाईतल्या किंवा त्यानंतरच्या श्रोत्याच्या हातात या वस्तू रोज येत होत्या. त्यामुळे शाहिराने जाते म्हटले की श्रोत्याला प्रथम जातेच दिसे. त्याची घरघर ऐकू येई. आणि त्या घरघरीच्या आडून दुसरे काही हळूच डोकावून जाई. दोन्ही अर्थ जिवंत असत. गंमत त्या दोहोंच्या एकत्र नांदण्यात होती.

माझे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे. द्व्यर्थी गीताची परीक्षा त्याच्या दुसऱ्या अर्थावरून करण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती पहिल्या अर्थावरून केली पाहिजे. पहिला अर्थ स्वतःच्या पायांवर उभा आहे काय? दुसरा अर्थ मनात आणलाच नाही, तरी ऐकणाऱ्याला काही मिळते काय? गोदाकाठच्या गाथेत सिंह, कुत्रे आणि भित्रा धार्मिक यांचे एक सुरेख लहानसे नाट्य आहे. आतला संकेत ज्याच्या लक्षात आला नाही तोही रिकाम्या हाताने परत जात नाही. उसाच्या लावणीत शेतकरणीची खरीखुरी चिंता आहे. कोल्हा उसाची नासाडी करतो हे कोणत्याही बागायतदाराला विचारावे. ज्या गीतात असा पहिला अर्थ जिवंत असतो ते गीत, त्याचा दुसरा अर्थ कितीही धीट असो, अश्लील होत नाही. पहिला अर्थ मेला म्हणजे दुसरा उघडा पडतो, आणि आपण त्या उघडेपणाला अश्लीलता म्हणतो.

याचे एक घरगुती उदाहरण देतो. मी राहतो त्या भागाचे नाव खातीपुरा. राजस्थानीत खाती म्हणजे सुतार. सुतारांची वस्ती ती खातीपुरा. येथे बदली झाल्यावर नवा पत्ता दोघा मित्रांना कळविला. एकाचे उत्तर आले की, केंद्र सरकारच्या कारकुनाला याहून योग्य गाव कोठे मिळणार, सगळी खाती एका ठिकाणी! दुसऱ्याने 'खाती' हे क्रियापद धरले आणि एवढेच विचारले: 'कोण खाती, आणि किती?' विनोद वाईट नाहीत. आमच्या खात्यात ते बरेच दिवस चालले. पण त्यांना श्लेष म्हणवत नाही. दोघाही मित्रांना सुतार ठाऊकच नव्हता. पहिला अर्थ नसलेल्या कानाला शब्दात जे ऐकू येते ते त्याच्या स्वतःच्या खिशातले असते. येथल्या मनुष्याला हा विनोद समजावून सांगण्याचा मी एकदा प्रयत्न केला. त्याने शांतपणे पलीकडच्या गल्लीतल्या सुताराचे दुकान दाखविले.

समितीत बसलेल्या आम्हां मंडळींची स्थिती याहून निराळी नव्हती. आमच्यापैकी एकानेही आयुष्यात उसाची राखण केलेली नाही. कोणी दादरचे, कोणी सदाशिव पेठेतले, कोणी नागपूरच्या धंतोलीतले. त्यानंतर बदल्यांच्या गावी. आमच्या मुलांनी ऊस पाहिला तो रसवंतीच्या चरकात. फड, तुरा, गुऱ्हाळ, पाचट हे शब्द आमच्यापुरते कोशातले झाले आहेत. मग उसाची लावणी कानी पडली की पहिला अर्थ कोठे थांबणार? त्याला उतरावयास जागाच नाही. राहतो तो दुसरा. आणि तो एकटा, म्हणून उद्धट. परप्रांतातील मराठी समाज जुन्या लावणीच्या बाबतीत मुंबई-पुण्याच्या समाजाहूनही अधिक सोवळा का असतो, याचे कारण मला येथे सापडते. आम्ही नीतीने कडक झालो नाही. आम्ही शब्दांनी गरीब झालो. त्या मुलीच्या आजीचे गाव कोणते ते मी विचारले नाही, पण तिला पाचट ठाऊक असले पाहिजे.

आता ज्यांनी हे गीतप्रकार रचले त्यांच्याकडे वळू. सोलापूरचा राम जोशी हा कीर्तनकारांच्या घराण्यातला, संस्कृत जाणणारा ब्राह्मण. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तमाशात शिरला. त्याच्या श्लेषाला व्याकरणाची बैठक आहे. एकेक शब्द तो असा ठेवतो की, शास्त्र्याला एक सापडावे आणि शिलेदाराला दुसरे. होनाजीची तऱ्हा वेगळी. ज्या लेखणीने धीट शृंगाराच्या लावण्या लिहिल्या तिनेच ती प्रसिद्ध भूपाळी लिहिली, जी आजही पहाटे घरोघर ऐकू येते आणि जिच्यावरून शांतारामबापूंनी १९५१ साली 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला. या दोन होनाजींचा मेळ घालताना पूर्वीचे टीकाकार अडखळत. एक तरी खोटा ठरवावा असे त्यांना वाटे. मला तसे वाटत नाही. पहाटेचा गोठा, गायी, धारा काढणारी घरे हा त्याचा पहिला अर्थ होता. तो जातीने गवळी होता. भूपाळीत त्या गोठ्यावर देव उतरतो, लावणीत प्रियकर. गोठा दोन्हीकडे खरा आहे.

पठ्ठे बापूरावांविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) यांनी कुलकर्णवृत्ती सोडून फड धरला. गावाची खाती लिहिणाऱ्या घराण्यातला हा पुरुष, त्यामुळे आम्हां कारकुनांना त्यांच्याविषयी आपुलकी वाटल्यास नवल नाही. त्यांच्या फडात पवळा होती. ती महार समाजातली. बापूरावांच्या शब्दांना तिच्या गळ्याने आणि पावलांनी अर्थ दिला, हे सर्वजण कबूल करतात. परंतु द्व्यर्थी शब्दाचे श्रेय आणि बोल यांची वाटणी आपण कशी केली ते पाहावे. शब्द चतुर ठरला तर शाहीर थोर. तोच शब्द ओंगळ ठरला तर नाचणारी बदनाम. दुसरा अर्थ लिहिणारा पुरुष, तो ऐकून हसणारे पुरुष, आणि तो अंगावर वागवणारी स्त्री. ही वाटणी लावणीच्या सगळ्या इतिहासभर चालत आली आहे. आमच्या समितीनेही अजाणता तीच केली. गीतकाराचे नावसुद्धा कोणी काढले नाही; नाव निघाले ते गाणाऱ्या मुलीचे.

येथे कोणी म्हणेल की, लावणीचा अर्थ शब्दांत नसतोच, तो अदाकारीत असतो. यात बरेच तथ्य आहे. बैठकीच्या लावणीत गायिका एकच ओळ दहा वेळा घेते आणि प्रत्येक वेळी डोळ्याच्या, हाताच्या, मानेच्या निराळ्या वळणाने तिला निराळा अर्थ देते. ठुमरीतील बोल बनविण्याचाच हा प्रकार. म्हणूनच कागदावर संहिता घेऊन बसणाऱ्या परीक्षकाची मला नेहमी कीव येते. इंग्रज सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. पुढे महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता तपासण्यासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. संहितेत शब्द असतो, भुवई नसते. उलट सुलोचना चव्हाण यांचे उदाहरण पाहावे. १९३३ साली जन्मलेल्या आणि २०२२ साली दिवंगत झालेल्या या गायिकेने हजारो श्रोत्यांसमोर अत्यंत धीट लावण्या म्हटल्या, त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन. अदाकारी सगळी गळ्यात. एखाद्या अक्षरावर दिलेला ठसका, एखाद्या शब्दाआधी घेतलेला अर्धा श्वास. आणि दुसरा अर्थ सभागृहभर पसरे. कोणत्या कागदावर ही गोष्ट टिपता आली असती?

कायद्याची भाषा मात्र या बाबतीत टीकाकारांच्या भाषेपेक्षा शहाणी आहे, असे म्हणावेसे वाटते. सार्वजनिक जागी अश्लील गाणे म्हणण्याचा अपराध भारतीय दंड संहितेच्या २९४ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या २९६ व्या कलमात आला. दोन्हीकडे एक अट कायम आहे: इतरांना त्याचा उपद्रव झाला पाहिजे. म्हणजे शब्द एकटा अपराधी होत नाही. ऐकणारा मध्ये आणावाच लागतो. आनंदवर्धनाने 'सहृदय' नावाचा जो श्रोता कल्पिला त्याचे हे कायद्यातील रूप म्हणावयाचे, फक्त जरा रागीट.

पहिल्या अर्थाची कसोटी चित्रपटगीतांना लावून पाहिली तर निकाल नेहमी सोपे येत नाहीत. दादा कोंडके यांचे चित्रपट ओळीने रौप्यमहोत्सव करीत होते तेव्हा सुशिक्षितांनी नाके मुरडली. मला त्यांची काही गाणी आवडतात. त्यांत गिरणगावातल्या माणसाच्या तोंडची गावाकडची बोली आणि भजनी मंडळाची चाल आहे, आणि म्हणून पहिला अर्थ बराच वेळ तग धरतो. पण पुढे १९८६ सालच्या त्यांच्या हिंदी चित्रपटाच्या नावात 'दिया' या शब्दावर, म्हणजे दिवा आणि दिले या दोन अर्थांवर, जो खेळ केला आहे त्यात दिवा केवळ नावापुरता आहे. तो कोणासाठी जळत नाही. त्याच्या उजेडात काही दिसत नाही. असल्या श्लेषात पहिला अर्थ जन्मतःच मेलेला असतो. ऐकणारा एकदा हसतो, आणि दुसऱ्यांदा ऐकले तर हातात काही राहत नाही.

१९९३ सालच्या 'खलनायक'मधील चोळीच्या प्रश्नाचे गाणे याहून अवघड आहे. त्याविरुद्ध दिल्लीत न्यायालयाकडे धाव घेण्यात आली; तो अर्ज टिकला नाही. गाणे आनंद बक्षींचे, आवाज अलका याज्ञिक आणि इला अरुण यांचे. त्यातल्या इला अरुण जयपूरच्या वातावरणात वाढलेल्या. गाण्याची घडण सवाल-जवाबाची आहे. प्रश्न असा की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत, आणि उत्तर असे की त्याला स्वतःचीच लाज वाटावी: तेथे हृदय आहे. ही युक्ती आपल्या परंपरेत नवी नाही. अमीर खुसरोच्या नावावर ज्या मुकऱ्या चालतात त्यांत एक सखी असे वर्णन करते की दुसरीला साजणच आठवावा. विचारले तर म्हणते, छे, मी दिव्याविषयी बोलत होते. संस्कृत आलंकारिकांनी याला छेकापह्नुती असे भारदस्त नाव दिले आहे. आपल्याकडच्या कोड्या-उखाण्यांतही हेच. मूल्यमापन करावयाचे तर मी म्हणेन, त्या गाण्याचे शब्द मुकरीच्या कुळातले आहेत आणि त्यांचा पहिला अर्थ खोटा नाही. पडद्यावर त्याची जी मांडणी झाली ती मात्र प्रश्नावर रेंगाळते आणि उत्तराला उरकून टाकते. मुकरीत नेमके उलट असावे लागते.

आतापर्यंत जे लिहिले ते दुसऱ्या अर्थाला भिणाऱ्यांविषयी. परंतु पहिल्या अर्थाचा जीव घेणारे आणखी एक मंडळ आहे, आणि ते अधिक प्रतिष्ठित आहे. हे सद्गृहस्थ प्रत्येक रूपकात ब्रह्म पाहतात. एकनाथांच्या भारुडांवर त्यांनी जी प्रवचने झोडली आहेत ती ऐकून नाथांनाही आपण असे काही लिहिले होते काय याची शंका यावी. भवानीला रोडगा वाहण्याचा नवस करणारी ती सासुरवाशीण घ्या. घरातली एकेक माणसे दूर व्हावीत आणि आपण एकटी राहावे, असे ती देवीला निर्लज्जपणे मागते. सासरा म्हणजे अहंकार, सासू म्हणजे कल्पना, अशी यादी प्रवचनकार देतात, आणि ती चुकीची आहे असे कोण म्हणेल? पण सासू कल्पना होऊन गेली की हसू जाते; आणि हसू गेले की त्या बाईचा जाच, जो सोळाव्या शतकात खरा होता आणि आजही आहे, तोही जातो. नाथांनी सासूला सासूच ठेवले. वारकऱ्यांच्या मेळ्यात सासू आणि सून शेजारी शेजारी बसून ते भारूड ऐकतात आणि दोघी हसतात, ही त्यांची किमया.

कलगी-तुऱ्याच्या फडांतही या दोन्ही टोकांचा तोल सांभाळलेला दिसतो. तुरेवाले शिवाला, पुरुषाला श्रेष्ठ मानणारे. कलगीवाले शक्तीला, प्रकृतीला. वाद तत्त्वज्ञानाचा, पण सवाल टाकले जातात ते स्त्री-पुरुषांच्या भांडणाच्या रूपात, आणि त्या भांडणाचा तिखटपणा कोणी कमी करीत नाही. येथे आल्यावर मला कळले की, हीच परंपरा मेवाडात, चितोडकडे, 'तुर्रा-कलंगी' या नावाने खेळली जाते. तुकनगीर आणि शाह अली या दोन साधूंकडे तिचा उगम सांगतात. गोसावी आणि फकीर यांच्या पागोट्यांवरची दोन भूषणे, एवढाच त्या नावाचा पहिला अर्थ.

जयपूरच्या मातीतले सर्वांत प्रसिद्ध द्व्यर्थी काव्य मात्र दरबारी आहे. आमेरच्या मिर्झाराजे जयसिंगांना आपण पुरंदरच्या तहामुळे, १६६५ सालामुळे ओळखतो. त्यांच्या आश्रयाला बिहारी हा कवी होता, 'सतसई'चा कर्ता. आख्यायिका अशी की, राजा एका नवपरिणीत अल्पवयीन राणीच्या नादी लागून राज्यकारभार विसरला. बोलावयास कोणी धजेना. बिहारीने एक दोहा लिहून आत पाठविला. दोह्यात राजा नाही आणि राणीही नाही. एक भुंगा आहे आणि एक न उमललेली कळी. परागही नाही, मधही नाही, तरी हा असा गुंतला, तर पुढे कसे व्हावयाचे? राजा बाहेर आला, आणि पुढच्या प्रत्येक दोह्याला त्याने मोहोर दिली म्हणतात.

ही गोष्ट सांगताना लोक बिहारीच्या धैर्याची तारीफ करतात. मला तीत दुसरेच काही दिसते. दोहा ज्याच्या हातून आत गेला त्या सेवकाला तो भुंग्याचा होता. राणीने तो वाचला असेल तर तिलाही तो, तिची इच्छा असल्यास, भुंग्याचाच राहू शकत होता. राजालाही. त्याला बाहेर येण्याची वाट मिळाली ती यामुळेच की, आपल्याला काही सांगण्यात आले आहे असे कबूल करण्याची त्याच्यावर सक्ती नव्हती. पहिला अर्थ ऐकणाऱ्याला न समजण्याचा अधिकार देतो. सासू, सून, व्याही, नोकर, लहान मुले एका बैठकीत बसून एकच गाणे ऐकू शकतात ते या अधिकाराच्या आधाराने. ज्याला जितके पेलते तितके तो घेतो, आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. मी जो ठराव लिहिला त्याने त्या मुलीचा हा अधिकार काढून घेतला. गाणे गाळले ही लहान गोष्ट होती.

गेल्या फाल्गुनात आमच्या गल्लीत एक लग्न झाले. वऱ्हाड जेवावयास बसले आणि आतून बायकांनी गाळ म्हणावयास सुरुवात केली. आपल्याकडे रुखवताच्या वेळी विहिणीला उद्देशून म्हणतात तसलीच ही गाणी. डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेल्या वृद्ध स्त्रिया पुढे होत्या आणि सर्वांत मोठा आवाज त्यांचाच. ढूंढाडी बोली माझ्या कानाला अजून पुरती सरावलेली नाही. मला समजले ते इतकेच की, व्याह्यांचा उंट सुटला आहे आणि तो कोणाच्या तरी बाजरीत शिरला आहे. उंटाची चाल, त्याची मान, बाजरीची उंची, राखणदाराची झोप. चित्र इतके स्वच्छ होते की मी मनापासून दाद दिली. त्यावर आतून जो हशा उठला तो गाण्याला नव्हता, मला होता. जेवणे झाल्यावर मी घरमालकीणबाईंना विचारले की, त्या उंटाचे पुढे काय झाले? त्यांनी पदराआडून उत्तर दिले, "बाबूजी, तुम्हांला उंट कळला ना? मग पुरे." आणि ताटात आणखी एक लाडू वाढावयास सांगितले.

त्या मुलीच्या वडिलांची पौषातच भोपाळला बदली झाली. समितीच्या इतिवृत्ताच्या वहीत तो ठराव आहे, खाली माझी सही आहे. यंदाच्या उत्सवासाठी गाण्यांची यादी मागविण्याचे पत्रक पुढल्या आठवड्यात माझ्याच हातून निघावयाचे आहे. त्यात 'गीताचे शब्द आगाऊ तपासणीसाठी सादर करावेत' असे एक वाक्य गेल्या वर्षीपासून आले आहे. ते मी या खेपेस लिहिणार नाही. समितीने विचारले तर कारण म्हणून हा लेख पुढे करीन.